चटका लागला की बोंबलाचं

हॅलो? … हॅलो! कोण? … गोकुळा! अवो जोरानं बोल न, इथी डोमाभाऊच्या दुकानात नुसता गलका आहे… हाव, मीच. तुयी सासू. दुसरं कोण बसते सकाळपासून फोनची राखण करत?

डॉक्टरीणबाईनं पाह्यलं का आज? काय म्हणली गाठीचं? …

अवो, बकऱ्या मरू दे! … नाई, मेल्या नाई, बोलण्यात आलं तसं. चांगल्या आहेत. … रिंकूही चांगली आहे. मी वेणी घालून देतो, आईसारखी होत नाई, वाकडी होते, मंग ती रागावते, मंग मी रागावतो. … हाव, मच्छीमार सोसायटीनं तलावात जाळं टाकलं. आपल्या वाट्याले रोहू आला. … खाल्ला आम्ही! तू नव्हती त काय त्याले पाटावर बसवून ठेवू?

गोकुळा, मले इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगू नको. सहा हप्ते झाले तुले नागपुरात. गाठ गेली का राह्यली, ते आज समजणार होतं. सांग. …

रागावली? डॉक्टरीणबाई? तुयावर? … काऊन? … फोड आला? कुठी? …

थांब, ही सुकरीबाई माया तोंडाकडे पाहून राह्यली. चारोळी विकाले आली न… अवो बाई, आमची सून आहे. हेमराजची बायको. चार सालाआधी छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, तवा बिजलीचे शेकही, रेडिएशन म्हणतात ते, दिले होते. आता त्याच जागी पुन्हा गाठ आली. पुन्हा तेवढे शेक देता येत नाई म्हणते. म्हणून पहिले मशीननं ती जागा घंटाभर गरम करतात, अन् शेक थोडाच देतात. गरमीनं गाठ कमजोर पडते, मंग थोडक्या शेकानंही जिरते… हाव, खरंच. मलेही पहिले पटलं नव्हतं.

हां गोकुळा, बोल. फोड कसा आला? … पण त्या मशीनवाल्या बाईनं सांगितलं होतं न, चटका लागला त लगेच बोला, आम्ही गरमी कमी करतो म्हणून? … मंग? … चूप पडून राह्यली? घंटाभर? … अवो, मूग गिळले होते का? बोलाचं न! काऊन नाई बोलली? …

मी? … मी काय म्हणली होती? … कवा? …

… हाव. आठवते.

आपण धान उकडत होतो. तू नवीन नवरी. चुलीवरच्या गंजातलं उकळतं पाणी हातावर सांडलं, तू रडली. अन् मी म्हणली, चटक्याले रडणारी सून मासोळ्या धरणाऱ्या ढिवराच्या घरी चालत नाई. … चौदा सालं झाली त्या गोष्टीले! ते घेऊन तू मशीनखाली पडली? … नाई, नाई, तुया काई दोष नाई. दोष माया आहे. मायी जीभच तशी. तुया सासऱ्याले विचार… ते त गेले बिचारे, नाई त त्याइनंच सांगितलं असतं.

आता आयक. ती गोष्ट मी मागं घेतली. आज, आत्ता. डोमाभाऊ गवाह, सुकरीबाई गवाह. यापुढं मशीनखाली जरासा जरी चटका लागला त बोंबलाचं. समजलं? … कशी बोंबलशीन, करून दाखव. … हे काय? हे त मुंगीलेही आयकू नाई येत. मोठ्यानं. … लोकं पाहतात त पाहू दे, त्याइच्या बापाचं काय जाते? … आणखी मोठ्यानं! …

हां! आता बरं. डोमाभाऊ दोन हात दूर उभे आहेत, त्याइलेही आयकू आलं. हसून राह्यले.

मंग… त्या फोडामुळं आता सारं बंद करतात का? खरं सांग. गाठ तशीच राहीन का? …

काय? …

पुन्हा सांग. … हाताले लागतच नाई? बिलकूल? … दोघी-दोघी डॉक्टरीण बोटं फिरवून थकल्या अन् सापडली नाई? … अवो भवाने, मंग हे पहिले काऊन नाई सांगितलं! बकऱ्या विचारते, रोहू विचारते, अन् इथी माया जीव टांगणीले! … डोमाभाऊ! गेली! आमच्या गोकुळाची गाठ गेली! गूळ काढा, साऱ्याइले द्या! … सुकरीबाई, तू काऊन रडते वो? हास न!

हाव, हाव, आयकून राह्यली. … फोड सुकला की आणखी दोन वेळा गरम करणार. … अन् मंग दर तीन महिन्याले दाखवाले जाचं. … पुन्हा येऊही शकते म्हणली? … बरं. आली त पाहून घेऊ. आज त नाई न? आज खुशीनं जेव.

… आणखी काय? … बोल न. … भेव लागते? … आता? गाठ गेल्यावर? … पहिल्या दिवसापासून? … रोज?

हेमराज आहे न जवळ? … हाव, पोरगा चांगलाच आहे माया. पण? … मी? … मीच पाहिजे? … पुन्हा म्हण. …

नाई, आयकू आलं होतं. आणखी एक खेप आयकाचं होतं.

येतो. उद्याच्या पहिल्या गाडीनं. रिंकूलेही आणतो. … मी आजवर चामोर्शीच्या पुढं गेली नाई त काय झालं? तोंड आहे न मले, विचारत विचारत येतो. हेमराजले स्टँडवर पाठव. … बकऱ्या सुकरीबाई पाहते. पाहशीन न वो? … पाहते म्हणते.

अन् गोकुळा… आयक. मलेही भेव लागत होतं. रोज. … हाव. मीही कोणाले नाई सांगितलं. … बरं, ठेवतो. उद्या दोघी मिळून बोलू.