परतीला उतार

सहलीच्या जीपमध्ये माझ्यासमोरच्या बाकावर एक नवराबायको बसले होते. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला दरी. जीप चालवणाराच आमचा गाईड होता.

"अगं, त्याला सांग ना, हळू चालव म्हणावं."

"छान चालवतोय की."

"छान? वळणावर हॉर्नसुद्धा देत नाही!"

"तुम्ही तरी कुठे देता?"

"माझी गोष्ट वेगळी. माझ्या हातात स्टिअरिंग असतं."

"आणि माझ्या हातात काय असतं? पर्स."

"दरी बघ, दरी! चाक अगदी कडेला आलंय."

"बघतेय. किती हिरवीगार आहे! अहो, पाय कशाला दाबताय? तिथे ब्रेक नाहीये."

"आपोआप दाबला जातो."

"माझा दाबला गेला की हसता. मुलांनाही दाखवता."

"बरं, चुकलं. हात दे इकडे."

"इतका घट्ट नको, बांगडी रुततेय."

"खाली बघवत नाही गं."

"मग डोळे मिटा. लग्नापासून मला हेच सांगत आलात ना?"

"मिटून पाहिले. जास्तच भीती वाटते."

"वाटते ना?"

जीप धबधब्यापाशी थांबली. नवरा आधी उतरला आणि गाईडपाशी गेला. मागोमाग बायकोही आली.

"दादा, परतीचा रस्ता दुसरा आहे ना?"

"हाच आहे, काका. फक्त आता सगळा उतार."

"दादा, मग परतीला मी पुढे बसले तर चालेल?"

"बसा की, काकू."

"अगं, आणि मी?"

"तुम्ही मागेच बसा. ही घ्या, पर्स धरा."