आधी अज्जीला सांगायचं

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या नर्सिंग महाविद्यालयाच्या प्राचार्या देवयानीताई. शहरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रन आणि आजच्या प्रमुख पाहुण्या मालतीताई. मुलीच्या सत्कारासाठी कर्नाटकच्या सीमेलगतच्या मैंदर्गीहून आलेले सिद्धारामअण्णा. पालकहो, आणि आज निरोप घेणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. शिक्षिकेची एवढ्यात हजेरीही पुरी होत नाही. तरी प्रयत्न करते.

दर शनिवारी मी प्रात्यक्षिकाच्या खोलीत नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेते. पद्धत ठरलेली. दारावर टकटक, नमस्कार, ‘बसा’ म्हटल्यावरच बसणं. रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाचही बरोबर आहेत ना, हे मोठ्यानं सांगणं. आणि नजर? ती सदैव मुलाखत घेणाऱ्यांकडे!

या शेवटच्या नियमावर आमची ऋतुजा दर वेळी अडायची. गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेली, तरी तयारीसाठी शनिवारी येणारी, अभ्यासात चोख. पण दोन मुलाखतींत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर गप्प बसून परतलेली. इथे मात्र रबरी डमीला इंजेक्शन द्यायचं झालं, की सुई हाती घेण्याआधी वाकून म्हणायची, “अज्जी, हेदरब्याडरी.” तिच्या घरच्या कन्नडमध्ये, आजी, घाबरू नका. मुलींनी त्या डमीचं नावच गंगम्मा ठेवलं! वर्गात हशा व्हायचा आणि मी रागवायची, “ऋतुजा, नोकरी गंगम्मा देणार आहे का? इकडे बघून बोल.”

तिसऱ्या मुलाखतीआधी तिचे वडील सिद्धारामअण्णा मला भेटायला आले. अण्णा, तुमचे शब्द सांगू ना? “मॅडम, आता न्हाय लागली तर घरी नेतो बघा. दुकानात बसंल. लोक इचारत्यात, मला तोंड न्हाय.” ऋतुजा शेजारीच उभी होती. तिनं मान वर केली नाही. त्या महिन्यात मी तिची ती डमीशी बोलायची सवय मोडूनच काढली. निदान मला तसं वाटलं.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. रडत होती. “मॅडम, सगळं बुडवलं मी. डमी ठेवली होती. तुमी शिकवल्यासारखं त्यांच्याकडं बघून धडाधडा सांगत होते. सुई हातात घेतली आन् थांबले. म्हटलं, चूक झाली, पेशंटला सांगितलंच न्हाय मी. मग वाकून अज्जीला सांगितलं. एक मॅडम हसल्या. म्हणाल्या, डमीला कन्नड येतं का गं?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, डमीला न्हाय येत. पण वॉर्डात आमच्याकडच्या अज्ज्या येतात, त्यांना येतं की.”

विद्यार्थिनींनो, मी तेव्हा काय केलं असेल? धीर दिला? मुळीच नाही. “हजारदा सांगितलं होतं तुला!” असं म्हणून फोन ठेवला. पंधरा दिवसांनी यादी लागली. तिच्यात ऋतुजाचं नाव होतं. मी ते चष्मा पुसून तीनदा वाचलं.

त्या हसलेल्या मॅडम आज व्यासपीठावर बसल्या आहेत. मघाशी चहा घेताना मी मालतीताईंना विचारलंच, की तुम्ही हिच्यात काय पाहिलं? त्या म्हणाल्या, “पाच नियम तर सगळ्याच मुलींना पाठ होते. पण ते कुणासाठी आहेत, हे एकटीला आठवलं.”

बावीस वर्षं मी पायऱ्या शिकवते आहे. माझ्या वहीत इंजेक्शनच्या चौदा पायऱ्या आहेत आणि रुग्णाला सांगणं ही त्यातलीच एक. मुलाखत शिकवताना ती मीच गाळली आणि जिनं सांभाळली तिला रागावले. सोमवारी ऋतुजा पांढऱ्या गणवेशात वॉर्डात उभी राहील, तेव्हा माझी छाती अभिमानानं भरून येईल. पण त्या अभिमानातला माझा वाटा मी मोजूनमापूनच घेईन.

संयोजकांचे, पालकांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. एक चूक मात्र सभागृहानं माफ करून भागणार नाही. ती तो फोन ठेवल्याची.

ऋतुजा, मी आत्ता तुझ्याकडे बघून बोलते आहे. माझं चुकलं, बाळा.