साहेबांनी गुडघा विचारला

उद्या मतदान. हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट पाहत बसलेल्या बसड्रायव्हरच्या शेजारी दोन जावांचं बोलणं रंगलं होतं.

“माझं मत ठरलं बाई. साहेब प्रचाराला दारात आले आणि पहिलं काय विचारलं? ‘ताई, गुडघा कसा आहे?’ देशाचा कारभार करायला निघालेला माणूस, पण माझा गुडघा त्याच्या ध्यानात.”

“जाऊबाई, शेजारच्या काकूंनाही त्यांनी तेच विचारलं.”

“त्यांचाही दुखतोच की.”

“समोरच्या आजोबांनाही.”

“त्यांचे तर दोन्ही दुखतात. बघ, किती बारीक माहिती ठेवतात.”

“पन्नाशीनंतर कुणाचा दुखत नाही? मला विचारलं, मुलाची परीक्षा कशी गेली.”

“तुला कुठाय मूल?”

“म्हणून तर म्हटलं, पहिला आला. गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला त्यांनी. म्हणाले, नाव काढलंन पोरानं.”

थोरली इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं.

“मग उद्या मत कुणाला, जाऊबाई?”

“मला नको विचारूस. भाऊ, तुमचं ठरलंय का हो?”

“आत्तापर्यंत ठरलं होतं,” गुडघ्यावरचा हात हळूच काढून घेत ड्रायव्हर म्हणाला.