नळाला कढत पाणी

थंडीचं कौतुक मला नका सांगू! आमचे घरमालक तात्या जन्मभर सिमल्याला नोकरी करून नाशकात परतले, आणि माझे हाल सुरू झाले. तिकडे म्हणे पाणी गोठून नळ फुटतात. म्हणून अंगणातल्या सांडपाण्याच्या खापरी नळात रोज पहाटे बंबातलं कढत पाणी ओतायचं. अंगणालगतची खोली माझी, म्हणून काम माझ्याकडे. बंब सगळ्या बिऱ्हाडांत एकच. नळाचं झालं की तो रिकामा, आणि आम्ही कुडकुडत गार पाण्यानं उरकायचो.

शेवटी वैतागून विचारलं, "तात्या, नाशकात कधी नळ गोठलाय का हो?"

"गोठेल कसा? आपण काळजी घेतोय ना!"

"आणि आम्ही गारठतोय, त्याचं काय?"

तात्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"माणूस फुटत नाही हो."