खडकाईच्या घाटातली शेजारची सीट

सरकून बसा रे, धग सगळ्यांना लागू दे. सुमे, तो मोबाईल ठेव खाली. हां, आता ऐका!

आपल्या वरच्या आळीतली कुंदा, केरबाची बायको. ती गाडी शिकत होती तेव्हाची ही गोष्ट. हातात कच्चं लायसन, घरची जुनी जीप आणि शिकवायला शेजारी नवरा. केरबा शेजारी असला की बाई झकास चालवायची. तो नसला तर किल्लीला हात लावायचा नाही, असं ठरलेलं.

पण त्या रात्री माहेरून फोन आला. आई परसात पडली, पाय मोडला, नुसती कण्हतेय. केरबा ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला. तिनं त्याला फोन लावला.

"कुंदे, थांब," तो म्हणाला. "कुणाची तरी मोटरसायकल घेऊन येतो. एकटी निघू नको."

"बरं," म्हणाली. आणि फोन ठेवून किल्ली उचलली! आई कण्हतेय म्हटल्यावर कुणाचा जीव थांबतो? सांगा तुम्हीच.

निघाली. अंधार असा, की दिव्यांच्या उजेडात दिसेल तेवढाच रस्ता. खडकाईचा चढ लागला. उजवीकडं डोंगर, डावीकडं दरी. पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. चालू केली, तर मागं घसरली. पुन्हा बंद! रडकुंडीला आली बिचारी.

आणि शेजारून आवाज आला, "क्लच हळू सोड."

केरबाचा आवाज! अगदी तसाच, शांत. कुंदानं मान वळवली नाही हां. नजर रस्त्यावरून काढायची नाही, असं त्यानंच शिकवलेलं. तिनं क्लच हळू सोडला. गाडी चढली. जीव केवढा हलका झाला तिचा! सवयीचा आवाज तो. केरबा इथं कुठनं आला, हे डोक्यात शिरलंच नाही.

"दुसरा टाक." टाकला. "आता तिसरा." टाकला. माथा आला, उतार लागला.

"समोरून गाडी येतेय. दिवे बंद कर."

दिवे बंद? पण हात गेला की हो! मिट्ट काळोख. आणि समोरून काही आलंच नाही.

"आता न्यूट्रल कर. उतार आहे, आपोआप जाईल."

केलं! जीप जी सुटली, जी सुटली...

"डावीकडं घे. अजून. अजून डावीकडं."

चाकाखाली खडी करकरली. खालून गार वारा आला, दरीतला. तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. उजेड पडला. त्यावर नाव, केरबा!

अहो, केरबा फोनवर, मग शेजारी कोण?

"उचलू नको," शेजारचा म्हणाला. आता तो आवाज केरबाचा नव्हता. तोंडात माती भरल्यासारखा, ओला. आणि गार बोटं आली, स्टेअरिंगवर, तिच्या बोटांवर!

किंचाळली कुंदा. पण हात सोडले नाहीत! होतं नव्हतं ते बळ लावून स्टेअरिंग उजवीकडं ओढलं, सगळा भार ब्रेकवर टाकला. जीप डोंगराला घासली आणि धाडकन गटारात अडकली.

तिच्या बाजूचं दार दगडानं दाबलेलं. बाहेर पडायचं तर त्या सीटवरूनच! डोळे मिटून सरपटली. सीट रिकामी होती. पण चिंब भिजलेली.

मागून मोटरसायकल आली. "कुंदे, मी आहे!" केरबा धावला, तर ती मागं सरकली. त्याचा आवाज ऐकूनच हो! त्यानं हात पुढं केला. तिनं एका बोटानं शिवून बघितला. ऊब लागली, तेव्हा गळ्यात पडून रडली.

आईला तर भावकीनं केव्हाच दवाखान्यात नेलेलं.

कुणी पोरगा शिकता शिकता एकटाच गाडी घेऊन गेला आणि त्या वळणावरून दरीतल्या ओढ्यात पडला, असं म्हणतात. शिकाऊ माणूस एकटा दिसला की तो येऊन बसतो. म्हणून सांगतो, रात्रीचं खडकाईनं जाऊ नका. कधीच नाही. लांब पडला तरी खालचा रस्ता धरा. आणि कच्चं लायसन असेल, तर घरचं जाणतं माणूस शेजारी बसवा, त्याचा हात धरून बघा, आणि मगच किल्ली फिरवा.