पायाळूची लाथ

(बोईसरचा मालधक्का, १९६५. तारापूरच्या कामाचं सिमेंट उतरतंय. मुकादम झुंबर कमरेत वाकलेला, खांबाला धरून उभा.)

कमलाकांत: ही घ्या तुमची पायाळू. सबंध धक्क्यावर पायांकडून जन्मलेली ही एकटीच, बुधी.

झुंबर: कारकून, हिच्याबिगर कुणी घावलं न्हाई तुमास्नी?

कमलाकांत: सातपाटीला एक आहे म्हणतात. जाऊन या, असेच वाकत वाकत.

बुधी: मुकादमांना काय झाला?

झुंबर: उसण भरलीया. पायाळूची लाथ कमरंत बसली की जाती. मार आन् नीघ.

बुधी: भरली कशी?

झुंबर: तुला काय करायचंय?

कमलाकांत: मी सांगतो. सोमवारी इंजिनियर एवढं शिकवून गेला, की गोणीला भिडून उभे राहा, गुडघ्यांत बसा, गोणी छातीशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचं तर पाय वळवा, कंबर पिरगाळू नका. तर हे पहिलवान म्हणाले, बसून उचलायला मी काय बाळंतीण आहे? आज ताठ पायांनी वाकून एक उचलली, तिथल्या तिथे कंबर पिरगाळली, आणि राहिले असे.

झुंबर: पुरं. दुपारी त्यो इंजिनियर यायचाय. असा दिसलो तर मुकादमी गेली माझी.

बुधी: माझा घरवाला बी असाच परला. बसून उचलत होता, तं तुमी बोललाव, बायकांवानी बसू नको. म्हैना झाला, उठत नाय.

झुंबर: जिवल्या व्हय? त्यो नाटकी हाय. तुमी डोंगरातली मानसं समदी कामचुकार.

बुधी: हां.

झुंबर: हां काय? मार की.

बुधी: कुठल्या पायान?

झुंबर: कुठल्याबी. जरा हळू मार.

बुधी: हळू मारून उसण जात नाय. खांब धरा नीट.

झुंबर: आई गं...

कमलाकांत: गेली?

झुंबर: कुठली जातीया. पार टाचंपातूर कळ गेली. अजून एक मार.

बुधी: आता नाय. घरवाल्याला सात दिस रोज सकाळी लाथ मारली मी. पाय लावताना रडं यायचा मला. काय फरक परला नाय. मंग पालघरच्या डाक्टरकडं नेला. तो बोलला, ही उसण नाय, मणका सरकला हाय, निजवून ठेव, लाथ मारू नको.

झुंबर: आन् ह्ये तुला आधी ठावं हुतं?

बुधी: होता.

झुंबर: मंग मला का मारलीस?

बुधी: तुमाला मारायची होती.