बाराव्या प्रकरणाच्या पिना

अण्णा: ही एकोणिसावी प्रत. बाई, पिना इतक्या गंजल्यात की काढताना पानंच फाटतात.

बाई: फाटली तर फाटू देत. उद्या पहिल्या तासाला नववीला हेच प्रकरण शिकवायचंय. चाळीसच्या चाळीस प्रती उघड्या हव्यात मला.

अण्णा: काल पालकसभेत एवढ्या टाळ्या घेतल्यात आणि आज तोंड एवढंसं. अहो, कादंबरी अभ्यासक्रमात राहिली ती तुमच्यामुळे. मुख्याध्यापक तर शेपूट घालून बसले होते. पालकांनी आणखी जरा आवाज चढवला असता तर दिलीच असती काढून.

बाई: माझं कौतुक नको, अण्णा.

अण्णा: का नको? "मुलांपासून काही दडवायचं नसतं," म्हणालात. मी मागे दाराशी उभा होतो. आपल्या बाई बोलतायत म्हणून छाती फुगली माझी.

बाई: आणि आज तुम्हालाच ग्रंथालयात पिना काढायला बसवलं.

अण्णा: तेही खरंच.

बाई: या पिना मी मारल्या तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवतं?

अण्णा: पानं सुटतायत, म्हणून टाचली. झाली की एकवीस-बावीस वर्षं. आता चाळीस प्रतींमधली नेमकी बाराव्या प्रकरणाचीच पानं कशी सुटतील, एवढं ग्रंथपालाला कळतं हो. पण गप्प बसलो. घरातली मारहाण पोरांना कशाला वाचायला द्यायची, असं मलाही वाटलंच की.

बाई: पोरांसाठी नव्हतं ते. माझ्यासाठी होतं.

अण्णा: म्हणजे?

बाई: नववीचाच वर्ग. मी हे प्रकरण मोठ्यानं वाचत होते. बाप आईला मारतोय, मुलगी दाराआडून ऐकतेय. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरीलासुद्धा जिचा आवाज ऐकू यायचा नाही, अशी. म्हणाली, "बाई, तिनं कुणाला सांगायचं?"

अण्णा: कादंबरीतल्या मुलीनं?

बाई: तसंच असेल, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. पण मी तिचा चेहरा पाहिला होता, अण्णा. मला कळलं होतं.

अण्णा: मग काय म्हणालात?

बाई: "हे परीक्षेला येत नाही. बस खाली."

(अण्णा हातातली प्रत टेबलावर ठेवतात.)

बाई: बसली ती. वर्षभर पुन्हा उठली नाही. पुढच्या वर्षी आणखी कोणी उठलं तर काय, या धास्तीनं एका दुपारी मी स्टेपलर घेऊन बसले.

अण्णा: आणि हे आजच कसं आठवलं?

बाई: विसरले कधी होते? काल ती सभेत होती. तिची मुलगी आता आपल्याकडे नववीत आहे. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

अण्णा: बोललात तिच्याशी?

बाई: फाटकापाशी गाठलं. लाज वाटत होती, तरी गेले. विचारलं, "मग तू कुणाला सांगितलंस गं?"

अण्णा: काय म्हणाली?

बाई: म्हणाली, "तुम्हालाच तर सांगत होते, बाई."